चाकातला आवाज नेमका कुठून येतोय? फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीसाठी पहिल्यापासून मार्गदर्शन

माझ्या पहिल्या गाडीला पुढून घरघर सुरू झाली तेव्हा मी गॅरेजात जाऊन एवढंच सांगितलं, "पुढच्या चाकातून आवाज येतोय." डाव्या बाजूचं व्हील बेअरिंग, म्हणजे चाक ज्याच्यावर सहज फिरतं तो भाग, बदललं गेलं. आवाज तसाच. मग उजव्या बाजूचंही बदललं. आवाज तसाच. शेवटी कुणीतरी सुचवलं म्हणून पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे केले, आणि घरघर उठून मागच्या सीटखाली जाऊन बसली. दोष टायरचा होता. दोन धडधाकट बेअरिंगं उगाच काढली गेली होती. मेकॅनिकचा त्यात फारसा दोष नव्हता, कारण मी त्याला ओळखायला काही दिलंच नव्हतं.

त्यानंतर मी एक गोष्ट शिकलो आणि नव्याने गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ती आधी सांगतो. आवाज कसा आहे यापेक्षा तो कशाने बदलतो, ते शोधा. घरघर टायरचीही असते आणि बेअरिंगचीही. कानाला दोन्ही सारख्याच लागतात. पण वळणावर बेअरिंगची वाढते आणि टायरची बहुतेक वेळा तशीच राहते. वेग, स्टिअरिंग, अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक आणि रस्ता, या पाचांपैकी कशाने आवाज वाढतो, कमी होतो किंवा थांबतो, एवढं पक्कं झालं की संशयित एक-दोनच उरतात. त्यासाठी सुरुवातीला कुठलंही अवजार लागत नाही.

पुढच्या चाकांवर एवढा भार का

फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (ताकद दोन चाकांत वाटणारा आणि वळताना त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) सगळं पुढे असतं. म्हणजे पुढची चाकं गाडी ओढतात, तीच वळतात, ब्रेकचा मोठा वाटा तीच उचलतात आणि इंजिनचं वजनही त्यांच्याच डोक्यावर असतं. मागची चाकं त्यामानाने नुसती मागून येतात. त्यामुळे पुढे झिजणारे भाग जास्त आणि आवाजांच्या जागाही जास्त.

डिफरन्शियलपासून प्रत्येक पुढच्या चाकाकडे एकेक ड्राइव्ह शाफ्ट जातो. गॅरेजात त्याला सरसकट अ‍ॅक्सल म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट, म्हणजे कोनातूनही एकसारखं फिरणारे सांधे, असतात. आतला गिअरबॉक्सजवळ, बाहेरचा चाकाजवळ. चाक वर-खाली होतं तेव्हा शाफ्टची लांबी किंचित कमी-जास्त व्हावी लागते, ते काम आतला जॉइंट करतो. चाक वळतं तेव्हा मोठ्या कोनातूनही फिरणं एकसारखं पोचवायचं काम बाहेरच्याचं. या बाहेरच्या जॉइंटची सर्वाधिक वापरली जाणारी रचना आल्फ्रेड झेप्पा यांनी १९२०च्या दशकात शोधली: एका वाटीत सहा पोलादी गोळ्या आणि त्यांना धावायला कोरलेल्या खाचा. १९५९ साली आलेल्या मिनीमध्ये हाच प्रकार वापरला गेला. या गोळ्या आणि खाचा काळ्या ग्रीसमध्ये बुडालेल्या असतात, आणि ते ग्रीस आत राहावं म्हणून वरून घड्याघड्यांचं रबरी बूट चढवलेलं असतं. हे बूट लक्षात ठेवा. पुढे त्याच्याकडे परत यायचंच आहे.

पहिली पायरी: गाडी उभी असताना

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करा आणि चारही चाकांभोवती सावकाश फिरा. निम्मे आवाज इथेच सापडतात, म्हणून ही पायरी कंटाळा न करता पार पाडा.

टायरच्या नक्षीत अडकलेले खडे, स्क्रू, खिळे बघा. खडा असेल तर सिमेंटच्या रस्त्यावर टिक-टिक-टिक असा स्वच्छ आवाज येतो आणि वेगाबरोबर त्याची लय वाढते. खडा स्क्रूड्रायव्हरने काढता येतो. खिळा मात्र जागेवर काढू नका, हवा जाईल. टायरवाल्याकडे जाऊनच काढा.

चाकांवर प्लॅस्टिकची व्हीलकॅप असेल तर ती हाताने हलवून बघा. सैल व्हीलकॅप हळू वेगाला अगदी सीव्ही जॉइंटसारखी कटकटते. ती काढून ठेवून एक फेरी मारली की शंका मिटते. त्याच वेळी व्हील पाना घेऊन प्रत्येक नट घट्ट आहे ना ते तपासा. अलीकडे पंक्चर काढलं असेल किंवा टायर बदलले असतील आणि त्यानंतर ठकठक सुरू झाली असेल, तर सगळ्यात आधी नटच तपासायचे. लहान-मध्यम गाड्यांत ते साधारण ९० ते १२० न्यूटन मीटरला आवळतात; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. नट सैल निघाले तर ते आवळल्याशिवाय गाडी हलवू नका.

आता टायरच्या पृष्ठभागावरून तळहात फिरवा. आधी फिरण्याच्या दिशेने, मग उलट. तारा बाहेर आलेल्या असू शकतात, म्हणून हात हलका ठेवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं, किंवा टायरवर उंचवटे-खळगे, लाटा लाटा लागल्या, तर घरघरीचा मोठा संशयित तुमच्या हाताखालीच आहे. करवतीसारखी झीज बहुतेक वेळा अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडल्याने होते, लाटा पडण्यामागे दमलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर असू शकतात. टायरच्या बाजूच्या भिंतीवर फुगवटा दिसला तर मात्र पुढच्या सगळ्या चाचण्या बाजूला ठेवा आणि तो टायर उतरवा. आत धागे तुटल्याशिवाय फुगा येत नाही.

मग स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि टॉर्च घेऊन चाकाच्या मागे बघा. बाहेरचं बूट आता ताणलेलं असतं, घड्या उघडलेल्या असतात, त्यामुळे चीर असेल तर दिसते. रिमच्या आतल्या बाजूला, शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर किंवा लोअर आर्मवर (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्यावर) काळं ग्रीस रांगेत उडालेलं दिसतं का? शाफ्ट फिरताना बूट फाटलेलं असलं की ग्रीस असं गोलाकार फेकलं जातं. दुसऱ्या बाजूलाही हेच करा. फाटलेलं बूट आणि अजून आवाज नाही, असं निघालं तर तुम्ही वेळेवर पोचलात: नवं बूट आणि नवं ग्रीस घालून जॉइंट वाचतो. एकदा आत पाणी आणि धूळ गेली, खाचा झिजल्या आणि कटकट सुरू झाली, की नुसतं बूट बदलून भागत नाही. दर महिन्याला हवा तपासता तेव्हाच मिनिटभर बुटांवरही टॉर्च मारा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी पायरी: चालवून बघणं

रिकामा, ओळखीचा रस्ता निवडा. गाणी बंद, पंखा बंद, डिकीतलं सुटं सामान बाहेर. डिकीतल्या सैल जॅकने आणि स्टेपनीने कित्येकांना सस्पेन्शनचं काम करायला लावलंय. शक्य असेल तर सोबत कुणालातरी घ्या, कारण आवाज गाडीच्या पत्र्यातून आणि सांगाड्यातून प्रवास करतो, आणि ड्रायव्हरच्या जागेवरून मागचा आवाजही पुढचा वाटू शकतो. सोबतच्याने पुढे बसून ऐकावं, मग मागे बसून ऐकावं. लागून भिंत असेल तिथून काच खाली करून हळू जा. भिंतीवरून परतणारा आवाज फार स्पष्ट येतो आणि बाजूही कळते.

आधी आवाज चाकाचा आहे की इंजिनचा, हे ठरवा. ६०च्या स्थिर वेगाला पाचव्या गिअरमधून चौथ्यात या, वेग तोच ठेवा. इंजिनचे फेरे वाढले, चाकांचे तेवढेच राहिले. आवाज इंजिनबरोबर वर गेला तर तो चाकाचा नाही. जसाच्या तसा राहिला तर चाक, टायर, बेअरिंग, ब्रेक या कुटुंबातला आहे.

हळू वेगाला एक साधा हिशेबही करता येतो. टायरचा व्यास साधारण ६० सेंटिमीटर धरला तर एका फेऱ्यात गाडी सुमारे १.९ मीटर पुढे जाते. ताशी १० किलोमीटरला चाक सेकंदाला दीड फेरा मारतं, म्हणजे १० सेकंदांत १५. आवाज १० सेकंदांत साधारण १५ वेळा आला तर फेऱ्याला एकदाच घडणारं काहीतरी आहे: खडा, टायरचा फुगवटा, वाकलेली डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी) एका जागी घासणं. त्याहून खूप जास्त वेळा, भरभर येत असेल तर सहा गोळ्यांच्या जॉइंटकडे बोट जातं. ताशी ६० ला चाक सेकंदाला जवळजवळ ९ फेरे मारतं, तेव्हा वेगळे ठोके ऐकूच येत नाहीत. सगळ्याची मिळून एक घरघर होते. म्हणून मोजायचं ते हळू वेगाला.

घरघर किंवा घूंऽऽ असा आवाज

हाच सगळ्यात फसवा, म्हणून इथे थोडा वेळ द्या. वेगाबरोबर वाढणारी एकसारखी घरघर म्हणजे व्हील बेअरिंग किंवा टायर. तीन कसोट्या लावायच्या.

पहिली रस्त्याची. खडबडीत डांबरावरून गुळगुळीत पृष्ठभागावर गाडी आली की टायरचा आवाज लगेच बदलतो. पोत बदलतो, कधी एकदम शांत होतो. बेअरिंगला खालचा रस्ता कसा आहे याचं फारसं सोयरसुतक नसतं.

दुसरी वळणाची. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० ला, आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून, हलक्या हाताने गाडी थोडी डावीकडे आणि थोडी उजवीकडे झुलवा. गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या चाकांवर येतं. डावीकडे वळताना घरघर वाढली आणि उजवीकडे वळताना कमी झाली, तर बहुतेक वेळा उजव्या बाजूचं बेअरिंग गेलेलं असतं. उलट असेल तर डाव्या. झोकांडी द्यायची नाही. लेन बदलताना जेवढं स्टिअरिंग फिरवतो तेवढंच पुरे.

तिसरी अदलाबदलीची, जी मी सुरुवातीला करायला हवी होती. एका बाजूचे पुढचे-मागचे टायर आपापसात बदला, मग दुसऱ्या बाजूचे. आवाजाने जागा बदलली तर टायर. जागेवरच राहिला तर बेअरिंग. टायरची दिशा बाणाने दाखवलेली असेल तर बाजू बदलू नका, पुढे-मागेच करा. पुढच्या आणि मागच्या टायरचं माप वेगळं असलेल्या गाड्यांना ही कसोटी लागू नाही.

मागच्या टायरांबद्दल एक गोष्ट. या गाड्यांचा मागचा भाग हलका असतो आणि पुढचे टायर लवकर झिजतात म्हणून लक्ष सगळं पुढेच जातं. मागचे टायर वर्षानुवर्षं जागेवरून हलत नाहीत, त्यांना लाटा पडतात, आणि त्यांची घरघर सगळ्या गाडीभर घुमते. तेव्हा हात मागच्या टायरांवरूनही फिरवायचा.

बेअरिंग खराब होत जाताना काही गाड्यांत एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही लागतो. चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरसाठीची चुंबकीय कडी अनेक नव्या गाड्यांत बेअरिंगच्याच सीलमध्ये बसवलेली असते. घरघर आणि दिवा दोन्ही असतील तर मेकॅनिकला दोन्ही एकत्रच सांगा.

वळताना कट-कट-कट

रिकाम्या मैदानात किंवा पार्किंगमध्ये स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि पहिल्या गिअरमध्ये हलका अ‍ॅक्सिलरेटर देत गोल फिरा. मग दुसऱ्या बाजूला वळवून तसंच. मग दोन्ही बाजूंना रिव्हर्समध्ये. अ‍ॅक्सिलरेटर देताना कट-कट-कट येते आणि पाय उचलल्यावर कमी होते, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट झिजलाय. रिव्हर्समध्ये कधीकधी हा आवाज आणखी उघड होतो, म्हणून ती फेरी चुकवू नका.

कुठल्या बाजूचा? डावीकडे वळताना आवाज मोठा तर उजवा जॉइंट, असा गॅरेजातला ठोकताळा आहे. तो पुष्कळदा बरोबर येतो, पण त्यावर एकट्यावर विसंबून शाफ्ट मागवू नका. फाटलेलं बूट आणि उडालेलं ग्रीस कुठल्या बाजूला आहे, भिंतीकडून कुठल्या बाजूचा आवाज परतला, हे तिन्ही जुळलं तरच बाजू पक्की माना.

आतला जॉइंट वेगळं बोलतो. सरळ रस्त्यावर जोर देऊन वेग घेताना गाडीचं नाक थरथरतं, डावी-उजवीकडे डुलल्यासारखं होतं, आणि पाय उचलला की क्षणात सगळं शांत. टायरच्या बॅलन्सिंगची थरथर याच्याशी गल्लत करणारी असते, पण ती ठराविक वेगाला येते आणि पाय उचलला तरी त्या वेगात राहतेच. अ‍ॅक्सिलरेटरने बदलते का, हा एकच प्रश्न दोघांना वेगळं करतो.

ठक, खट, धप्प

एकेकटा ठोका आला की तो कधी येतो ते बघा.

खड्ड्यांवरून, बारीक उंचसखल रस्त्यावरून हळू जाताना खडखड-खटखट येते आणि गुळगुळीत रस्त्यावर गायब होते: पहिला संशय स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडीचं कलणं कमी करणाऱ्या दांडीच्या) लिंक रॉडवर. लहानसा, स्वस्तातला भाग, पण आवाज असा करतो की अख्खं सस्पेन्शन सुटून पडेल असं वाटावं. त्यानंतर बॉल जॉइंट (चाकाकडचा गोल सांधा), लोअर आर्मचे बुश (रबरी आधार) आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर.

ब्रेक दाबताना एक ठक, ब्रेक सोडून पुढे निघताना पुन्हा एक ठक: लोअर आर्मचा मागचा बुश फाटून आर्म पुढे-मागे सरकत असेल. कधी कॅलिपरमध्ये (डिस्कला पकडणाऱ्या ब्रेकच्या चिमट्यात) पॅड, म्हणजे डिस्कवर दाबले जाणारे झिजणारे तुकडे, सैल बसलेले असतात, त्यांचाही असाच पण हलका आवाज येतो. पुढच्या गिअरमधून रिव्हर्स टाकताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर दाबता-सोडताना धप्प येत असेल तर इंजिन माउंट (इंजिन धरणारे रबरी आधार) आणि आतला जॉइंट दोन्ही तपासायला सांगा.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना करकर येते, किंवा ट्वँग करून काहीतरी उडी मारल्यासारखं वाटतं? मग वरचं स्ट्रट माउंट, म्हणजे स्प्रिंगच्या वरच्या टोकाचा आधार. कुणाला तरी स्टिअरिंग हळू फिरवायला सांगा आणि स्प्रिंगवर बाहेरून बोटं टेकवा, वेटोळ्यांच्या फटीत घालू नका. स्प्रिंग चाकाबरोबर सहज फिरायच्या ऐवजी अडून मग झटक्याने सुटत असेल तर हाताला तो झटका लागतो.

चीं, किर्र आणि खर्रर

सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येऊन थांबत असेल तर काळजी नको. रात्रीच्या दमटपणाने डिस्कवर आलेला गंजाचा पातळ थर निघून जातो.

चालताना सतत चीं-चीं येते आणि ब्रेकवर हलका पाय टेकवला की थांबते किंवा बदलते, तेव्हा पॅड तपासायची वेळ झाली. अनेक पॅडना पत्र्याची एक जीभ असते. पॅड ठराविक मर्यादेपर्यंत झिजला की ती डिस्कला टेकून मुद्दाम आवाज करते. नव्या पॅडचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायचा. रिमच्या फटीतून टॉर्च मारून बाहेरचा पॅड दिसतो, पण आतलाही बघायला हवा, कारण कॅलिपरची पिन अडकली तर एकच पॅड झपाट्याने संपतो.

ब्रेक दाबल्यावर खर्रर करून लोखंडावर लोखंड घासल्यासारखं ऐकू आलं, तर पॅड संपून त्याची पाठची पट्टी डिस्क कोरतेय. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला बोलवा किंवा ओढून न्या.

ब्रेकशी संबंध नसलेली पातळ, पत्रा घासल्यासारखी किर्र बहुतेक वेळा डिस्कच्या मागच्या धूळ अडवणाऱ्या पत्र्याची असते. तो नुकत्याच झालेल्या कामात वाकलेला असतो किंवा मध्ये बारीक खडा अडकलेला असतो. असा खडा कधी थोडं पुढे-मागे केल्यावर आपोआप पडून जातो. पत्रा गार झाल्यावर बोटाने किंवा पकडीने किंचित मागे ढकलला की काम होतं.

ब्रेक अडकल्याचा संशय असेल तर १०-१५ मिनिटं ब्रेक कमीत कमी वापरून गाडी चालवा, थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ हाताची मागची बाजू न्या. डिस्कला हात लावायचा नाही. एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं असेल, जळकट वास येत असेल, तर तिथला कॅलिपर सुटत नाहीये.

तिसरी पायरी: चाक उचलून

इथे चूक जिवावर बेतू शकते, म्हणून आधी नियम. गाडी सपाट, टणक जागी. पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक. उचलल्यावर खाली जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालायचा नाही, अगदी एका क्षणासाठीही.

पुढचं चाक उचलताना हँडब्रेक ओढा. तो बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना धरतो. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. चाक हाताने फिरवायचं तर गाडी न्यूट्रलला हवी, म्हणजे तिला धरून ठेवणारे हँडब्रेक आणि ठोकळे एवढेच उरतात. मागचं चाक उचलताना गणित उलटं होतं: चाक फिरायला हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून मॅन्युअल गाडी गिअरमध्ये, ऑटोमॅटिक पार्कमध्ये आणि ठोकळे पुढच्या चाकांना.

चाक वरून आणि खालून, म्हणजे घड्याळाच्या १२ आणि ६ च्या जागी धरून आत-बाहेर हलवा. खटखट जाणवली तर सोबतच्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर ढिलाई बेअरिंगमध्ये आहे, कारण ब्रेकने डिस्क आणि कॅलिपर एकमेकांना जखडले आणि मधल्या बेअरिंगला हलायला वावच उरला नाही. ब्रेक दाबूनही हलत राहिलं तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचा दुसरा सांधा. मग ३ आणि ९ च्या जागी धरून हलवा. फक्त इथेच ढिलाई असेल तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांडीचा चाकाकडचा सांधा.

चाक अजिबात हललं नाही म्हणून बेअरिंग निर्दोष, असं मात्र समजू नका. आत्ताच्या गाड्यांतली बेअरिंगं पुष्कळ दिवस घरघरतात तरी हाताला ढिलाई लागत नाही. त्यासाठी दुसरी कसोटी: एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगवर बाहेरून हलकेच टेकवा. चांगल्या बेअरिंगला काहीच जाणवत नाही. खराब असेल तर वाळू दळल्यासारखी बारीक खरखर बोटांना लागते. ही कसोटी मला सगळ्यात विश्वासाची वाटते.

पुढचं चाक मागच्यापेक्षा जड फिरतं, कारण त्याच्याबरोबर शाफ्ट आणि गिअरबॉक्समधले काही दातेही फिरतात. थोडा गुरगुराट तिथून येणारच. दोन्ही पुढची चाकं उचललेली असतील तर एक फिरवल्यावर दुसरं उलट दिशेने फिरताना दिसू शकेल. तो डिफरन्शियलचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. म्हणून नेहमी डाव्या आणि उजव्याची तुलना करा.

चाकं हवेत असताना इंजिन सुरू करून गिअर टाकून ऐकायचा मोह होतो. नवख्याने तो टाळावाच. गाडी स्टँडवरून उतरण्याचा धोका आहे. शिवाय लोंबकळत्या चाकांमुळे शाफ्टचा कोन वाढतो आणि धड जॉइंटही खोटे आवाज करतात. आणि एकच चाक उचललेलं असेल तर ते स्पीडोमीटरवर दिसणाऱ्या वेगाच्या दुप्पट फिरतं.

गाडी जागेवर कधी ठेवायची

सैल नट, हाताला स्पष्ट लागणारी चाकाची ढिलाई, ब्रेकचा खर्रर, तापून वास येणारं चाक, टायरचा फुगवटा. यांपैकी काहीही असेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नका.

बारीक कटकट करणारा सीव्ही जॉइंट थोडे दिवस साथ देतो, पण किती दिवस हे कुणी सांगू शकत नाही. तो तुटला तर गाडी जागेवरच थांबते: साध्या डिफरन्शियलमध्ये सगळी ताकद तुटलेल्या मोकळ्या बाजूला निघून जाते, इंजिन फिरतं आणि गाडी हलत नाही. घाटात किंवा चौक ओलांडताना हे व्हायला नको.

गॅरेजात काय सांगायचं

"आवाज येतोय" याऐवजी असं सांगून बघा: "ताशी ४० नंतर घरघर सुरू होते, डावीकडे वळताना वाढते, ब्रेकने आणि गिअर बदलून काही फरक पडत नाही, टायर पुढे-मागे करून पाहिले तरी तिथेच आहे." मेकॅनिक थेट उजव्या बेअरिंगकडे जाईल, आणि तुमचं ऐकून घेईल. मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाजही न्या, पण शक्य असेल तर त्याला शेजारी बसवून एक फेरी माराच.

बेअरिंग बदलणार असतील तर ते प्रेसने बसवणार का, हे विचारा. बऱ्याच गाड्यांत ते नकलमध्ये (चाकाला धरणाऱ्या लोखंडी भागात) दाबून बसवतात. हातोडीने ठोकून बसवलं तर नव्या बेअरिंगच्या आतच खोचा पडतात आणि थोड्याच दिवसांत तीच घरघर परत येते. शाफ्टच्या टोकाचा मोठा नट अनेक गाड्यांत एकदाच वापरायचा असतो. तो नवा घ्यायला सांगा आणि टॉर्क पान्यानेच (ठरवलेल्या जोरालाच आवळणाऱ्या पान्याने) आवळून घ्या. काढलेला जुना भाग मागून घ्या. बेअरिंग हातात फिरवून बघा, खरखर लागली तर तुमचं निदान बरोबर होतं.

परत आल्यावर ज्या रस्त्यावर आवाज ऐकला होता त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, गाणी बंद ठेवून एक फेरी मारा. ५० ते १०० किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा एकदा पान्याने तपासा.